पेरू जेवणासोबत, चहा जेवणापासून लांब: ताटातलं लोह आणि कॅल्शियम अंगी कसं लावायचं

माझ्या थोरल्या जाऊबाई ऐरोलीला राहतात. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून त्यांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.४. मग घरात लालेलाल मोहीम सुरू झाली. सकाळी बिटाचा रस, दुपारी डाळिंब, संध्याकाळी सफरचंद, झोपताना गुळाचा खडा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, ९.६. "अगं, एवढे पैसे त्या डाळिंबांत घातले आणि हे बघ," म्हणत त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे टाकला. मी एकच विचारलं, "ताई, जेवण झाल्यावर चहा अजून घेता ना?" घेत होत्या. ताट उचललं की लगेच, अर्धा कप, कडक.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात शाळेत विज्ञान शिकवलं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टकं चाळायची खोड लागली, एवढंच. पण ती कोष्टकं आणि आपली खाण्याची पद्धत शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते: आपण काय खातो याची चर्चा पुष्कळ करतो, ते अंगी लागतं की नाही याची फारशी करत नाही. पुढे लिहिलंय ते त्या अंगी लागण्याबद्दल, आमच्या दोन घरांत ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं.

आधी रिपोर्ट

बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषांचं १३ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया या रेषेखाली निघाल्या. सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौघी उभ्या असल्या तर त्यातल्या दोघी, असं समजा.

पण हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं धरून चालू नका. फेरिटिन तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. अंगातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. शुद्ध शाकाहारी घर असेल तर बी-१२ सुद्धा बघावं. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा एक सौम्य आनुवंशिक दोष) असलेल्यांचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडं कमी असतं आणि त्यांनी स्वतःच्या मनानं लोहाच्या गोळ्या घेत बसू नये. पाळीत फार रक्त जात असेल किंवा मूळव्याधीतून झिरपत असेल, तर खालून गळणाऱ्या टाकीत वरून कितीही ओता.

आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्याच. साठा रिकामा झाल्यावर नुसत्या जेवणावर तो भरायला फार काळ जातो. जेवण सुधारायचं ते गोळ्या थांबल्यावर आकडा पुन्हा घसरू नये म्हणून.

लाल रंगाचा हिशोब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या आहारात दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाच्या १९. आता जाऊबाईंची मोहीम या मापानं मोजू. १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह एक मिलिग्रॅमपेक्षा कमी. बिटात तसंच. सफरचंदात त्याहून कमी. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. तीन-चार खजूर खाल्ले तर फार तर एक-दीड. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं म्हणजे त्यात लोह असतं, असं मलाही लहानपणी सांगितलं होतं. तो रंग सफरचंदातल्या पॉलिफेनॉलवर हवेतल्या प्राणवायूची क्रिया होऊन येतो. लोहाचा त्यात काही संबंध नाही.

आता दुसरी बाजू बघा. एका मध्यम बाजरीच्या भाकरीत सुमारे ३ मिलिग्रॅम. मटकीच्या वाटीभर उसळीत दोन-अडीच. लाल माठ, राजगिरा यांच्या १०० ग्रॅम कच्च्या पाल्यात ५ ते ७. कुळीथ, अळीव, शेवग्याचा पाला हेही याच पंगतीतले. म्हणजे लोह भाकरीत, उसळीत आणि भाजीत आहे, फळांच्या टोपलीत फारसं नाही.

मग फळं कशाला? तर भाकरीतलं ते लोह आतड्यातून रक्तात जाऊ द्यायला. धान्यात आणि पाल्यात लोह ज्या रूपात असतं ते शरीराला नीट शोषता येत नाही. त्यातच धान्य-कडधान्याच्या सालीतलं फायटेट त्याला धरून बसतं. एरवी खाल्लेल्या दहा भागांतला एखादा भाग जेमतेम अंगी लागतो, कधी तोही नाही. क जीवनसत्त्व असलं की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळलेलं राहतं आणि फायटेटच्या तावडीतून सुटतं. एकाच जेवणात शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. यातला कळीचा शब्द "एकाच जेवणात" हा आहे. दोघं पोटात एकाच वेळी हवेत. सकाळी रिकाम्या पोटी पेरू खाल्ला आणि भाकरी दुपारी एकला, तर एकजण ८.१२ ची पनवेल लोकल पकडून गेला आणि दुसरा दुपारी ठाण्याच्या फलाटावर येऊन उभा राहिला. त्यांची गाठ कशी पडणार?

"फळ नेहमी रिकाम्या पोटी" हा नियम आपल्याकडे इतका रुजलाय की मी जेवणाच्या ताटात पेरूच्या फोडी वाढल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे आणि फोडींकडे आळीपाळीनं बघितलं होतं. एरवी कधीही खा. पण ज्याला लोह हवंय त्यानं क जीवनसत्त्वाचं फळ जेवणासोबतच घ्यावं.

कोणतं फळ, किती

१०० ग्रॅममागे क जीवनसत्त्व मोजलं तर ताज्या आवळ्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूत दोनशेच्या वर, पपई आणि संत्र्यात चाळीस ते साठ. सफरचंद, चिकू, केळं, द्राक्ष या शर्यतीत बरीच मागे. अर्धा पेरू म्हणजे दीडशे मिलिग्रॅम. जेवणातलं लोह सोडवायला पन्नासही पुरतं, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनाही अर्ध्या पेरूच्या पुढे जायची गरज नाही.

लिंबाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपण पोह्यांवर लिंबाची फोड पिळतो आणि क जीवनसत्त्वाचं काम झालं असं समजतो. एका कागदी लिंबातून पंधरा-वीस मिलिलिटर रस निघतो आणि त्यात दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर क जीवनसत्त्व. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण लिंबू आणि पेरू यांना एका तागडीत घालू नका. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, उष्णतेनं हे जीवनसत्त्व मरतं. मोरावळ्यातही त्याच कारणानं ताज्या आवळ्याइतकं उरत नाही. फळ नसेल त्या दिवशी कच्च्या कोबीची किंवा सिमला मिरचीची कोशिंबीर चालते.

बाजार

ठाण्यात मी जांभळी नाक्याला जाते. पालेभाजी सकाळी घ्यावी, संध्याकाळपर्यंत उन्हा-धुळीत आणि पाण्याच्या शिंतोड्यांत तिची रया जाते. पावसाळ्यात येऊरकडून, शहापूर-मुरबाडकडून आलेल्या आदिवासी बायका टाकळा, कुरडू घेऊन बसतात. अशा पानाफुलांच्या भाज्यांना घासाघीस न करता पैसे द्यावेत, कारण पालकाच्या जुडीत जे मिळत नाही ते यात आहे. शेवग्याचा पाला तर बऱ्याच सोसायट्यांच्या आवारात फुकट झडतो आणि झाडूवाला तो गोळा करून नेतो. मी वॉचमनला सांगून ठेवलंय.

नवी मुंबईकरांच्या दाराशी तुर्भ्याचं एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार आहे. तिथे फळं, भाजी, कांदा-बटाटा, धान्य आणि मसाला असे पाच वेगळे बाजार आहेत. व्यवहार घाऊक, त्यामुळे एकटीनं जाऊन अर्धा किलो मागू नका. जाऊबाई आणि त्यांच्या मजल्यावरच्या तिघी मिळून पेरूचं एक क्रेट उचलतात आणि जिन्यात वाटून घेतात. बाजरी आणि नाचणी धान्य बाजाराच्या बाहेरच्या दुकानांतून घेतली तरी चालेल. बाजरीचं पीठ मात्र थोडंच दळून आणायचं. आपल्या दमट हवेत ते आठ-दहा दिवसांत कडू होतं, मग मुलं भाकरीला नावं ठेवतात.

मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, कारण मासे-मटणातलं लोह शरीर सहज उचलतं आणि त्याच जेवणातल्या भाकरीतलं लोहही त्याच्यासोबत जास्त शोषलं जातं. चेंदणी कोळीवाड्यातून किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून ताजी मांदेली आणा. तिसऱ्यांत, म्हणजे शिंपल्यांत, लोह आणि बी-१२ चांगलं, पण त्या कुठल्या आहेत ते विचारून घ्या. ठाण्याच्या खाडीत वर्षानुवर्षं कारखान्यांचं सांडपाणी आलंय आणि चिखलात राहणारे शिंपले पाण्यातले जड धातू अंगात साठवतात. मी खाडीच्या घेत नाही.

रविवारची रात्र

ठाण्यातल्या जुन्या सीकेपी घरांत वालाचं बिरडं कसं करतात आठवा. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. हा सगळा खटाटोप चवीसाठी असं आपण समजतो. पण भिजताना आणि मोड येताना दाण्यातलं फायटेज नावाचं एंझाइम जागं होतं आणि फायटेट मोडायला लागतं. मोड आल्यावर थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. आजीला हे शब्द माहीत नव्हते, तरी काम बरोबर चाललं होतं.

म्हणून आठवड्याची सुरुवात अशी करा. रविवारी सकाळी मटकी, मूग, वाल यांतलं एक कडधान्य भिजत घाला. रात्री पाणी फेकून चाळणीत निथळवा, ओल्या पंचात सैल बांधा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड दिसतात, जानेवारीत एक दिवस जास्त लागतो. पावसाळ्यात वास येतो अशी तक्रार असेल तर फडकं दिवसातून दोनदा बदला आणि बोटभर मोड आले की फ्रिजमध्ये ठेवा. नाचणीची आंबील रात्रभर आंबवली तर तिथेही हेच होतं. इडली-डोसाही त्याच नियमातले. कच्चे मोड गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत, वाफवूनच द्यावेत.

दुसरं, माळ्यावरची लोखंडी कढई काढा. नॉनस्टिक आलं आणि बिडाचा तवा, लोखंडी कढई अडगळीत गेली. चिंच, आमसूल, टोमॅटो पडलेली आमटी-भाजी लोखंडात शिजली की थोडं लोह पदार्थात उतरतं, फक्त शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढायची. नाहीतर रंग काळपट होतो, चवीला लोखंड लागतं आणि घरातली मंडळी पुन्हा नॉनस्टिककडे वळतात.

घड्याळ

इथे माझी सगळ्यात जास्त भांडणं झाली आहेत.

चहातली टॅनिन्स लोहाला घट्ट धरतात. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्यानं किंवा त्याहूनही जास्त घटू शकतं. कॉफीही तशीच वागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको असं म्हटलंय. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ठाण्यात सांगून ऐकणार कोण? चहाची जागा हलवायची एवढंच.

जाऊबाईंचा दिवस आता असा आहे. साडेपाचला उठल्यावर चहा. पावणेसातला कोथिंबीर आणि लिंबू घातलेले पोहे किंवा मुगाचं धिरडं, सोबत चहा नाही. डब्यात बाजरीची भाकरी, मोडाची उसळ किंवा लाल माठ आणि वेगळ्या छोट्या डबीत पेरूच्या फोडी. या फोडी आधी कापून ठेवल्या की थोडं क जीवनसत्त्व जातं, पण पेरूत ते इतकं असतं की तेवढा तोटा परवडतो. तिखट-मीठ लावायचं ते खायच्या वेळी. दुपारचा चहा साडेतीनला, ऑफिसात सगळ्यांबरोबर. पहिले पंधरा दिवस एक वाजताचा तो अर्धा कप आठवून त्यांचं डोकं दुखायचं. मग थांबलं.

लोहाची गोळीही याच शिस्तीत घ्यायची: पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. दुधाबरोबर नको, चहाबरोबर तर नकोच, आणि कॅल्शियमच्या गोळीत व या गोळीत काही तासांचं अंतर ठेवा. पोटात मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ बदला, परस्पर बंद करू नका.

कॅल्शियमला वेगळी वेळ

कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं. म्हणून दूध-दही-पनीर दुपारच्या लोहाच्या ताटातून काढून सकाळी किंवा रात्री ठेवलं. दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं. एक पेला (२०० मिलिलिटर) दूध सुमारे २४० देतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे रात्री दोन भाकऱ्या झाल्या की तिसरा हिस्सा आला. सालासकट तिळात आकडा फार मोठा दिसतो, पण सालात कॅल्शियमला बांधून ठेवणारं ऑक्झलेटही असतं, म्हणून तिळाची चटणी मी हिशोबात निम्मीच धरते. पांढरेशुभ्र पॉलिशवाले तीळ घेतले तर बरंचसं कॅल्शियम सालाबरोबर गेलेलं असतं.

पालकाचं नाव इथे मुद्दाम घेतलं नाही. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट त्याला असं बांधून ठेवतं की पाच टक्क्यांच्या आसपासच शोषलं जातं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास जातं. पालक पनीर खाऊन हाडं मजबूत होत असतील तर ती पनीरामुळे. जवळा, सुकट सालासकट पोटात जातात, त्यामुळे त्यांत कॅल्शियम भरपूर. पण मीठही तितकंच, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी धुऊन आणि मापानं.

ड जीवनसत्त्वाशिवाय हे सगळं अर्धवट राहतं. घोडबंदर रोडच्या पंचविसाव्या मजल्यावरून लिफ्टनं पार्किंगमध्ये, तिथून गाडीनं ऑफिसच्या पार्किंगमध्ये, असा दिवस असेल तर एकदा तपासून घ्या.

पोटॅशियम, आणि कुणी जपायचं

इथे फळं खरोखर स्वतःच्या बळावर उभी राहतात. केळ्यात १०० ग्रॅममागे तीनशेच्या वर मिलिग्रॅम पोटॅशियम, शहाळ्याच्या पाण्यात अडीचशेच्या आसपास. लोणचं-पापड-फरसाणात जे मीठ जातं त्याचा रक्तदाबावरचा परिणाम पोटॅशियम थोडा सावरतं.

मात्र किडनीचा त्रास असेल तर हाच गुण उलटतो. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. किडनीच्या रुग्णाला भेटायला जाताना शहाळं नेऊ नका, त्याला ते चालतं का हे आधी विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. आणि कमरख, ते चांदणीसारखं आंबट फळ, किडनी अधू असलेल्यांनी अजिबात तोंडात घालू नये; त्यातल्या विषारी द्रव्यामुळे उचकीपासून बेशुद्धीपर्यंत मजल गेलेली आहे.

घेताना, धुताना

रस काढला की चोथ्यातला तंतू जातो आणि साखर चटकन रक्तात उतरते. तलावपाळीवर फिरायला गेल्यावर रसाचा मोह होतो, मलाही होतो; तेव्हा निदान वरची साखर नको म्हणून सांगा. आंबे-केळी कॅल्शियम कार्बाइडनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, इथिलीन वायूनं पिकवायला परवानगी आहे. बाहेरून एकसारखा पिवळा आणि आतून पांढरट-आंबट आंबा लागला की त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाऊ नका. फळं वाहत्या नळाखाली चोळून धुवा. पालेभाजी तीन पाण्यांत, चिरण्याआधी. चिरल्यानंतर धुतली तर पाण्याबरोबर बरंच काही मोरीत जातं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, शाई लागते. जुनं सुती धोतर उत्तम.

पेरू हिवाळ्यात स्वस्त आणि चांगला, आवळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संत्री त्याच्या पुढेमागे. एप्रिल-मेमध्ये पेरू महागला की कैरीची डाळ, पन्हं. जूनमध्ये करवंदं, जांभळं यांची चंगळ करा, पण त्या महिन्यात क जीवनसत्त्वाचं मुख्य काम पपईवर आणि कोशिंबिरीवर सोपवा.

जाऊबाईंनी गोळ्या घेतल्या, चहा हलवला, पेरू ताटात आणला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा ११.८ होतं. फेरिटिन अजून काठावर आहे, म्हणून गोळी चालूच आहे. डाळिंब त्यांनी सोडलेलं नाही. आवडतं म्हणून खातात, आता उसळीवर दाणे पेरून. आणि रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या की पान झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून विचारतात, "किती वाजता ठेवणार आहेस गं चहा?"